बर्फाची नाडी मोजणारा डॉक्टर

हिमालयातल्या आपत्तींच्या बातम्यांत अलीकडे एक गोष्ट वारंवार वाचायला मिळते : हिमसरोवर फुटले. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबारी ताल फुटले आणि मंदिराभोवतीची वस्ती चिखल-दगडांखाली गेली. त्या यात्रेत महाराष्ट्रातलेही अनेक जण होते. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि तीस्ता नदीवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो, हे आधी कळू शकले नसते का?

कळायचे तर हिमनदी मोजावी लागते. ती किती सरकली, किती वितळली, वितळलेले पाणी कुठे साठले, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. रुग्णाच्या खाटेला अडकवलेल्या तापाच्या तक्त्यासारखेच हे आहे. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही, आठवडाभराची रेघ मात्र बोलते. बर्फाचा असा तक्ता मांडण्याची रीत ज्यांनी रुजवली, त्यांत एक नाव ठळक आहे. तो माणूस वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर होता, पण त्याने दवाखाना कधीच थाटला नाही. त्याचे नाव लुई अगासी. फ्रेंच उच्चाराप्रमाणे आडनावातले शेवटचे अक्षर बोलत नाहीत, म्हणून अगासी.

त्याचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोतिए या छोट्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक, आई रोझ ही एका डॉक्टरची मुलगी. लुईच्या आधीची चार भावंडे तान्हेपणीच दगावली होती. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि जलसंजीवनी यांच्या आधीच्या काळात युरोपातल्या सुशिक्षित घरांतही हे घडत असे. चार मुले गमावल्यानंतर वाचलेला हा पहिला मुलगा. त्याने डॉक्टर व्हावे, गावाकडे यावे, चार पैसे मिळवावेत, अशी घरच्यांची इच्छा होती. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही हेच चालते, त्यामुळे पुढची गोष्ट वाचकांना अनोळखी वाटणार नाही.

मुलगा झुरिक, हायडेलबर्ग आणि म्युनिक अशा तीन विद्यापीठांत वैद्यक शिकला, पण त्याचे मन रमले माशांत. ब्राझीलमधून आणलेल्या माशांच्या संग्रहाचे वर्णन करण्याचे काम विद्यार्थिदशेतच त्याच्याकडे आले आणि १८२९ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वर्षी त्याला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. आईला दिलेला शब्द राहू नये म्हणून १८३० मध्ये त्याने वैद्यकाची पदवीही घेतली. मग तो पॅरिसला गेला. तिथे प्राणिशास्त्रातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस, जॉर्ज क्युव्हिए, याने स्वतः जमवलेली जीवाश्म माशांची चित्रे आणि टिपणे या तरुणाच्या हाती सोपवली. १८३२ च्या मे महिन्यात क्युव्हिए वारला. त्याच वर्षी, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या थोर संशोधकाच्या खटपटीमुळे, अगासीला स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल येथे प्राध्यापकाची जागा मिळाली.

पुढची दहा वर्षे त्याने जीवाश्म माशांवरच्या ग्रंथमालेत घातली. हजाराहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे. त्यातली पुष्कळ चित्रे त्याची पत्नी सेसिल ब्राउन हिने काढली होती. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळे लावल्याने त्याच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि काही महिने त्याला अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. त्या काळात तो जीवाश्म बोटांनी चाचपून ओळखायला शिकला. बोटांना न कळणारे बारकावे तो जिभेच्या टोकाने तपासत असे. पोटावर हात ठेवून यकृताची कड शोधायला शिकलेल्या कोणाही डॉक्टरला ही जिद्द समजेल.

आता बर्फाकडे वळू. त्यासाठी थोडे मागे, १८१८ साली जावे लागेल. स्वित्झर्लंडमधल्या बान्य खोऱ्यात जिएत्रो नावाच्या हिमनदीचे तुकडे कड्यावरून खाली कोसळत राहिले. त्यांचा ढीग साचून खालची नदी अडली आणि बर्फाच्या या बांधामागे मोठे सरोवर तयार झाले. इग्नात्स व्हेनेत्स या अभियंत्याने बर्फातून बोगदा खोदून पाणी थोडेथोडे सोडायला सुरुवात केली. बरेचसे पाणी निघूनही गेले. पण १६ जून १८१८ रोजी उरलेला बांध फुटला आणि खालच्या वस्त्यांतले चाळीसच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. बोगदा खोदला नसता तर हा आकडा फार मोठा झाला असता. केदारनाथची आपत्तीही १६-१७ जूनचीच. दोन्हींच्या मध्ये १९५ वर्षे आहेत.

याच खोऱ्यात झाँ-पिएर पेरोदँ नावाचा डोंगरी शिकारी राहत होता. दरीत दूरवर विखुरलेले प्रचंड दगड आणि कातळांवरचे ओरखडे पाहून त्याने ठरवले होते की एके काळी हिमनदीने सगळी दरी व्यापलेली असणार. शाळेत फारसे न शिकलेल्या माणसाचे हे निरीक्षण. आधी व्हेनेत्सला ते पटले, मग मिठाच्या खाणींचा प्रमुख झाँ द शार्पांतिए याला. अगासीला ते पटत नव्हते. १८३६ च्या उन्हाळ्यात तो शार्पांतिएकडे बेक्स या गावी राहायला गेला, तो त्याची समजूत चुकीची आहे हे दाखवायलाच. दोघे मिळून दऱ्या फिरले, दगड पाहिले, ओरखडे पाहिले. उन्हाळा संपेपर्यंत अगासीचे मत बदलले होते.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेलमध्ये स्विस निसर्गशास्त्र परिषदेची सभा होती. अगासी अध्यक्ष होता. श्रोते माशांवरच्या भाषणाची वाट पाहत होते आणि याने मांडले हिमयुग. एके काळी उत्तर युरोपावर बर्फाची विस्तीर्ण चादर पसरलेली होती, असा त्याचा दावा होता. ज्येष्ठांना तो मुळीच रुचला नाही. हुम्बोल्टनेसुद्धा बर्फ सोडून माशांकडे परतण्याचा सल्ला दिला. त्याने तो मानला नाही आणि १८४० मध्ये हिमनद्यांवरचा आपला ग्रंथ काढला.

श्रेयाचा हिशेब इथेच सांगायला हवा. हिमयुग हा शब्द अगासीचा मित्र कार्ल शिंपर याने घडवला होता आणि मूळ कल्पना पेरोदँ, व्हेनेत्स व शार्पांतिए यांच्याकडून आली होती. शार्पांतिएचे पुस्तक १८४१ मध्ये निघाले, म्हणजे अगासीच्या नंतर. शिंपर आणि शार्पांतिए दोघेही दुखावले गेले. बोलका, उत्साही आणि घाईचा माणूस पुढे निघून जातो, चिकाटीने काम करणारा मागे राहतो, हे विज्ञानातही घडते. पण कल्पना बोलून दाखवणे वेगळे आणि बर्फावर जाऊन मोजणे वेगळे. हे दुसरे काम अगासीने खरोखर केले.

१८४० मध्ये त्याने बर्न प्रांतातली उंटरआर ही हिमनदी निवडली. हिमनदीच्या पाठीवर पडलेल्या एका अजस्र खडकाच्या आडोशाला दगड रचून त्याने निवारा केला. त्याला त्याचे सोबती गमतीने न्यूशातेलकरांचे हॉटेल म्हणत. पुढची काही वर्षे उन्हाळ्यात ही मंडळी तिथे मुक्कामाला असत. काम साधे आणि कंटाळवाणे होते : रोज तापमान, हवेचा दाब, पाण्याची पातळी, बर्फाची सरक.

हिमनदी सरकते याचा एक पुरावा त्यांना आयताच मिळाला. फ्रान्झ योसेफ हूगी या स्विस अभ्यासकाने १८२७ मध्ये याच बर्फावर एक झोपडी बांधली होती. अगासीला ती १८३९ मध्ये सापडली, पण मूळ जागेपासून जवळजवळ ४,४०० फूट खाली. बारा वर्षांत कोणीही हात न लावता झोपडी एवढी सरकली होती. १८४१ मध्ये अगासीने हिमनदीच्या आडव्या रेषेत बर्फात खोल भोके पाडून खांब रोवले आणि पुढच्या वर्षी त्यांची जागा तपासली. सरळ रेषेचा चंद्रकोरीसारखा बाक झाला होता, म्हणजे मधला बर्फ कडेच्या बर्फापेक्षा वेगाने सरकला होता. त्याच सुमारास स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स याने फ्रान्समधल्या एका हिमनदीवर थिओडोलाइट लावून काही दिवसांतच हीच गोष्ट दाखवली. हा फोर्ब्स आदल्या वर्षी अगासीचा पाहुणा होता. आधी कोणी शोधले यावरून दोघांत जे वितुष्ट आले, ते कायमचे.

वितळलेले पाणी बर्फातून कुठे जाते, हेही अगासीला पाहायचे होते. त्याने बर्फावर रंगीत द्रव ओतून तो बारीक भेगांमधून कसा झिरपतो ते पाहिले. रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा मार्ग पाहण्याची अँजिओग्राफी आपण आज करतो, तिच्यामागेही हीच कल्पना आहे. बर्फात छिद्र पाडून, पुढे सुमारे २०० फुटांपर्यंत जाऊन, त्याने आतले तापमान घेतले. ते शून्याच्या आसपासच निघाले. १८४१ मध्ये तर वितळपाण्याचा एक ओढा बाजूला वळवून, त्याच्या धारेने बर्फात कोरलेल्या विहिरीत तो स्वतः दोराने उतरला. सुमारे १२० फुटांवर त्याचे पाय गोठणाऱ्या पाण्यात बुडाले. वरच्या सोबत्यांना त्याची हाक कळली नाही आणि त्यांनी त्याला आणखी खाली सोडले. दुसरी हाक कळली म्हणून तो वाचला. थंड पाण्यात अचानक बुडाल्यावर धाप लागते, हृदयाची लय बिघडू शकते आणि काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. डॉक्टर असून त्याने हे धाडस केले. आज कोणी करू नये.

या सगळ्याचे फलित म्हणजे १८४२ चा नकाशा. योहानेस विल्ड या अभियंत्याने उंटरआर हिमनदीची मोजणी करून तिचा १ : १०,००० प्रमाणाचा नकाशा तयार केला. बर्फातल्या भेगा, हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या रांगा, म्हणजे हिमोढ, आणि मोठे खडक त्यात नोंदवले गेले. १८४७ मध्ये अगासीच्या दुसऱ्या ग्रंथासोबत ही सारी सामग्री प्रसिद्ध झाली. असा नकाशा आजच्या वापरासाठी नसतो. नंतर येणाऱ्याला तुलना करता यावी म्हणून तो केलेला असतो. छातीत दुखू लागलेल्या माणसाचा जुना ईसीजी घरात सापडला तर निदान किती सोपे होते, हे हृदयरोग्यांच्या नातेवाइकांना ठाऊक असेल. उंटरआरचा तो जुना ईसीजी अगासीने काढून ठेवला. ही हिमनदी आज खूप मागे हटली आहे आणि तिच्या तोंडाशी आता ग्रिमझेल धरणाचा जलाशय आहे.

हिमसरोवरांच्या बाबतीतही त्याची नजर पक्की होती. स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉय या दरीच्या दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर एकसारख्या उंचीवर तीन आडव्या पायऱ्या दिसतात, सुमारे २६०, ३२५ आणि ३५० मीटरवर. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये त्या जुन्या समुद्राचे किनारे ठरवल्या होत्या. १८४० मध्ये अगासीने ती दरी पाहिली आणि सांगितले की हिमनदीने दरीचे तोंड अडवल्यामुळे इथे सरोवर तुंबले होते. बर्फाचा बांध जसा बदलला तशी पाण्याची पातळी बदलली आणि प्रत्येक पातळीने आपली रेघ मागे ठेवली. जिएत्रोच्या सरोवराची कथा माहीत असलेल्या स्विस माणसाला हे सुचावे, यात नवल नाही. पुढे डार्विननेही आपली चूक मान्य केली.

१८४६ मध्ये अगासी अमेरिकेला गेला. पत्नी आधीच त्याच्यापासून दूर झाली होती. १८४८ मध्ये ती क्षयाने वारली. हार्वर्ड विद्यापीठात त्याला प्राध्यापकपद मिळाले, १८५९ मध्ये त्याने तिथले प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभे केले आणि तो अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला. त्याची दुसरी पत्नी एलिझाबेथ केरी हिने पुढे स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी रॅडक्लिफ कॉलेज उभारण्यात मोठा वाटा उचलला आणि ती त्या कॉलेजची पहिली अध्यक्ष झाली.

याच अमेरिकेत अगासीच्या आयुष्याचे काळे पानही लिहिले गेले आणि डॉक्टर म्हणून मला ते वगळता येत नाही. कृष्णवर्णीय आणि गोरे हे एकाच मूळ मानवकुळातले नाहीत, वेगवेगळे निर्माण झाले आहेत, असे तो जाहीरपणे मांडू लागला. १८५० मध्ये त्याच्यासाठी दक्षिण कॅरोलायनात गुलामगिरीत ठेवलेल्या स्त्री-पुरुषांचे विवस्त्र फोटो काढले गेले. त्यांत रेंटी नावाचा माणूस आणि त्याची मुलगी डेलिया होती. त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. गुलामगिरीच्या समर्थकांना अगासीच्या नावाचा आधार मिळाला. १८५९ नंतर त्याने डार्विनचा उत्क्रांतिवादही शेवटपर्यंत नाकारला.

बर्फाच्या बाबतीत हाच माणूस आधी विरोधात होता, मग दरीत जाऊन दगड पाहिल्यावर त्याने मत बदलले होते. माणसांच्या बाबतीत त्याने मत आधी ठरवले आणि पुरावा म्हणून फोटो नंतर काढून घेतले. वैद्यकात याची किंमत रुग्ण मोजतो. सरकारी रुग्णालयात सगळ्या जातीधर्मांची, सगळ्या रंगांची माणसे एकाच रांगेत उभी असतात. रक्तपेढीत आम्ही रक्तगट पाहतो, रक्त देणाऱ्याचा वंश पाहत नाही. कुणाचे दुखणे कमी खरे आणि कुणाचे जास्त खरे, असे मनात धरून तपासणी सुरू केली की निदान चुकते. अगासीच्या नावाचा स्वित्झर्लंडमध्ये एक हिमशिखर आहे. ते नाव बदलून रेंटीचे द्यावे अशी मोहीम तिथे झाली. शिखराचे नाव बदलले नाही, पण न्यूशातेल शहराने २०१९ मध्ये अगासीच्या नावाचा चौक टिलो फ्राय या कृष्णवंशीय महिला खासदाराच्या नावाने केला. त्याचे विज्ञान आणि त्याचा अन्याय या दोन्हींची नोंद ठेवणे, हेच न्याय्य वाटते.

१८६९ मध्ये अगासीला मेंदूत रक्तस्राव झाला. रक्तदाब मोजण्याचे साधन तेव्हा दवाखान्यात पोचलेले नव्हते. त्यातून सावरून तो १८७१-७२ मध्ये दक्षिण अमेरिकेभोवती सागरी सफरीवर गेला, १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीस बेटावर शिक्षकांसाठी निसर्ग-शाळा चालवली आणि १४ डिसेंबर १८७३ रोजी केंब्रिज येथे वारला. त्याच्या थडग्यावर संगमरवर नाही. उंटरआर हिमनदीच्या हिमोढातला एक खडक अमेरिकेत आणून तिथे बसवला आहे.

आता पुन्हा हिमालय. एव्हरेस्टभोवतीचे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान १९७६ मध्ये स्थापन झाले. तिथली सरोवरे आज उपग्रहांच्या चित्रांवरून मोजली जातात, पण कामाचे तत्त्व उंटरआरचेच : जुना नकाशा, नवा नकाशा आणि मधला फरक. इम्जा सरोवराच्या जागी १९५० च्या दशकात काही डबकी होती. हिमनदी वितळत गेली आणि आज तिथे दोन किलोमीटरहून लांब तलाव आहे. अशा तलावाचा बांध सिमेंटचा नसतो, तो हिमोढाच्या सैल दगडमातीचा असतो. वरून बर्फाचा कडा पाण्यात कोसळला की लाट उसळते, बांधावरून पाणी सांडते आणि माती कापत जाते. ४ ऑगस्ट १९८५ रोजी याच भागातला डिग छो तलाव असाच फुटला आणि जवळजवळ पूर्ण झालेला एक जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. मोजणीमुळे इम्जाचा धोका आधी लक्षात आला आणि २०१६ मध्ये कालवा काढून त्याची पातळी तीन मीटरहून जास्त उतरवण्यात आली. व्हेनेत्सच्या बोगद्याचेच हे आधुनिक रूप.

मोजणी पुरेशी असते का? दक्षिण ल्होनाकचा धोका शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे माहीत होता. २०१६ मध्ये पाइप टाकून तिथले पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला होता. तरी २०२३ च्या त्या रात्री खालच्या लोकांना पुरेसा वेळ मिळाला नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये ब्लाटन गावाच्या वरचा डोंगर सरकतो आहे हे मोजणीत दिसताच मे २०२५ मध्ये सुमारे तीनशे रहिवाशांना हलवण्यात आले. २८ मे रोजी, म्हणजे अगासीच्या जन्मदिवशीच, वरची हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव गाडले गेले. एका माणसाचा जीव गेला, बाकीचे वाचले. तपासणीचा अहवाल फाइलमध्ये राहिला तर रुग्णाला उपयोग नाही, तो वेळेवर उपचार करणाऱ्याच्या हाती पडावा लागतो.

चारधाम, सिक्कीम किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. नदीपात्राच्या अगदी लगत मुक्काम टाळावा, प्रशासनाने वाट बंद केली तर पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. नदीचे पाणी अचानक गढूळ झाले, एकदम कमी झाले किंवा वरून गडगडाट ऐकू आला तर सामान सोडून ताबडतोब उंच जागी जावे. पुरानंतर उकळलेले पाणीच प्यावे, कारण पुरातून वाचलेल्यांना पुढचे काही दिवस जुलाब आणि काविळीचा धोका असतो. डोंगराचा तक्ता कोणीतरी बर्फावर उभे राहून भरलेला असतो. खाली राहणाऱ्यांनी तो वाचायला हवा.